जुनं सागवान, नवं कापड: बैठकीच्या खोलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत पडदे, गाद्या, लोड-तक्के आणि सोफ्याची कव्हरं शिवते. माहेर साताऱ्याचं, त्यामुळे दोन्हीकडच्या घरांत मापं घ्यायला जाणं होतं. जवळजवळ प्रत्येक घरात एखादी आजोबांच्या वेळची वस्तू असतेच. दिवाण असेल, आरामखुर्ची असेल, नाहीतर माळ्यावर टाकलेल्या झोपाळ्याच्या पितळी कड्या. आणि जवळजवळ प्रत्येक घरात तिच्याबद्दल तोच गोंधळ असतो: ही ठेवायची की काढायची? ठेवली तर खोली म्हातारी दिसेल का? माझं मत ठाम आहे. लाकूड जुनंच ठेवा, खोलीचं वय कापडानं बदला. आणि ते कापड आपल्या मातीतलं, आपल्या ऋतूतलं असू द्या. खालचे प्रश्न लोकांनी खरोखर विचारलेले आहेत. उत्तरं हाताखालून गेलेल्या कामातून दिली आहेत.

निसर्गाची नक्षी म्हणजे फुलाफुलांचे पडदेच ना?

फुलं चालतील, पण कुठली? सध्या दुकानात गेलात की परदेशी जंगलातली मोठी फाटकी पानं छापलेलं कापड पहिल्यांदा पुढ्यात येतं. ते वाईट नसतं, पण त्या पानाशी आपली काही ओळख नसते. साताऱ्याच्या माणसाला कास पठार दाखवायची गरज नाही. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण भाद्रपदात तिथं जाणारी सातारकर मंडळी त्याआधी कितीतरी वर्षांपासून जात होती. तिथले रंग आठवून बघा. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, त्यांच्यामधून डोकावणारे गेंदाचे पांढरे ठिपके, आणि खाली काळा-तांबूस जांभा. पडदा, उशा, जाजम आणि भिंत या सगळ्यांचे रंग इथं आयते ठरलेले आहेत. वायतुरा नावाचं पाणथळ जागेतलं फूल आहे, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. दोन फाट्यांचा तो गुलाबी-जांभळा तुरा एका सातारच्या ताईंनी साध्या टाक्यांनी उशीवर भरला होता. इतकी सुंदर उशी मी कुठल्या दुकानात पाहिलेली नाही.

सांगलीकडं पठार नाही, पण हळदीचं रुंद, शिरांचं पान आहे. तासगावकडचे द्राक्षांचे मांडव आहेत, जोंधळ्याचं कणीस आहे, कृष्णाकाठचा गढूळ हिरवा आहे. वेल ही तर आपल्या कापडातली फार जुनी नक्षी. पैठणीच्या काठात आसावली येते ती वेलच.

शिवाय निसर्ग कापडात फक्त चित्रातून येत नाही. धाग्यातूनही येतो. एकही फूल नसलेलं, हातमागाचं जाडंभरडं सुती कापड घ्या आणि शिसवीच्या खुर्चीवर टाका. छापील पॉलिस्टरच्या गुलाबापेक्षा ते मातीच्या जास्त जवळचं वाटतं.

घरातलं कुठलं जुनं फर्निचर ठेवण्यालायक आहे, हे कसं ओळखायचं?

आधी उलटं करून बघा. समोरून सगळंच पॉलिशखाली झाकलेलं असतं, खरं लाकूड खालच्या आणि मागच्या बाजूला दिसतं. सागवानाचा आतला गाभा सोनेरी-तपकिरी असतो आणि हाताला किंचित तेलकट लागतो. तेच तेल त्याला वाळवीपासून वाचवतं. पण सालीजवळच्या फिकट, पांढुरक्या भागाला हे संरक्षण नसतं. जुन्या वस्तूत वाळवी लागलेली दिसली तर बहुतेकदा ती त्या पांढऱ्या पट्टीत असते, आणि तेवढी पट्टी बदलून बाकीची वस्तू वाचते. शिसव गडद असतो, जांभळट काळ्या रेघांचा, आणि उचलायला जड.

मग सांधे बघा. चांगल्या सुतारानं खाचेत खाच बसवून, लाकडी खुंटी ठोकून जोड केलेला असतो. असा जोड सैल झाला तरी उघडून पुन्हा बसवता येतो. नुसत्या खिळ्यांवर उभी केलेली खुर्ची सहसा दुरुस्तीला परवडत नाही.

तिसरी गोष्ट भुसा. पायाखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. बारीक भोकं आहेत पण पूड पडत नाही, तर ती जुनी जखम असण्याची शक्यता जास्त. खाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवा, उत्तर मिळेल. पूड पडत असेल तर आधी औषध मारून घ्या, मगच ती वस्तू इतर फर्निचरजवळ न्या.

भुश्याचं लाकूड, म्हणजे पार्टिकल बोर्ड, वर कितीही सागवानी कागद चिकटवलेला असला तरी या हिशेबात बसत नाही. त्यावर दुरुस्तीचे पैसे घालू नका.

दिवाण काळाकुट्ट झालाय. घासून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून घेऊ का?

थांबा. काळं झालंय ते लाकूड नव्हे, बहुतेकदा वर्षानुवर्षांचं तेल, धूळ आणि जुनं पॉलिश असतं. ओलसर करून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्यानं, अगदी थोड्या साबणानं एक कोपरा पुसून बघा आणि लगेच कोरडा करा. कितीतरी दिवाण एवढ्यावरच निम्मे उजळतात.

आता पॉलिशचं. जुन्या वस्तूंवर सहसा लाखेचं पॉलिश असतं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ पातळ हात देत ते चढवतात. ओळखायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली तर लाख आहे. मिरजेत जाऊन सतार-तंबोऱ्याचं काम बघा, तिथंही हेच लाखेचं काम दिसेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा आणि दांडी जिथं जुळते तिथं कारागीर लाकडाची पानं कोरून बसवतात. निसर्गाची नक्षी वस्तूवर किती बेतानं वापरावी हे शिकायचं असेल तर मला तरी यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. सगळी दांडी पानांनी भरत नाहीत, फक्त जोडावर देतात.

लाखेचं पॉलिश लाकडाला आतून उजेड देतं आणि खरचटलं तर तेवढ्याच जागी पुन्हा हात देता येतो. पण ते उष्णतेला आणि स्पिरिटला भितं. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. आणि कृपा करून सॅनिटायझरनं जुनं फर्निचर पुसू नका. साथीच्या काळात कितीतरी सुंदर खुर्च्यांचे हात असे चिकट आणि पांढुरके झालेले मी पाहिले आहेत. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लाख विरघळवतं, दुसरं काही कारण नाही.

पीयू टिकाऊ आहे, पाण्याला दाद देत नाही. रोज जेवणाचं पान पडतं त्या टेबलाला जरूर लावा. पण कोरीव कामाच्या खुर्चीवर पीयूचा जाड थर बसला की कोरीव कामाच्या कडा भरून जातात, आणि पुढं कधी दुरुस्ती करायची तर सगळं खरवडावं लागतं. दिवाण, आरामखुर्ची, झोपाळा यांना लाखच द्या, तीही फार चकाकी न आणता.

रंधा मारू देऊ नका. जुन्या लाकडाला आलेला रंग वरच्या पातळ थरातच असतो, तो गेला की वस्तू कालच आणल्यासारखी दिसते.

आरामखुर्चीची वेताची वीण सैल पडलीय. बदलावी लागेल का?

तुटलेली नसेल तर नाही. खुर्ची उलटी करा, विणीच्या खालच्या बाजूनं कोमट-गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून वेत चांगला ओला होऊ द्या, लाकडाला पाणी लागू देऊ नका. मग सावलीत, वाऱ्याला पूर्ण वाळू द्या. वाळताना वेत आखडतो आणि वीण ताणली जाते. पूर्ण वाळेपर्यंत कोणालाही बसू देऊ नका, नाहीतर आधीपेक्षा जास्त खोल पडेल.

सोफ्याला आणि लोडांना कुठलं कापड टिकतं? खण लावला तर?

खणाचा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याचं उत्तर आधी देते. खण आपल्याकडं येतो तो मुख्यतः कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून. चोळीसाठी विणलेलं कापड आहे ते. पन्हा (कापडाची रुंदी) अरुंद, पोत नाजूक. बसायच्या जागेवर ताणून लावलात तर पहिल्या वर्षीच शिवणीतून उसवायला लागतो. म्हणून खण बसण्याच्या जागी नको, पाठीमागच्या उशांना, लोडाच्या दोन्ही टोकांच्या गोल चकत्यांना, पडद्याच्या खालच्या पट्टीला वापरा. लोडाचं मधलं अंग जाड सुती, टोकाला खण आणि जोडावर मगजी (पायपिंग), ही जोडी मी सगळ्यात जास्त शिवली आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

बसण्याच्या जागेला घट्ट विणीचं जाड सुती कापड किंवा सुती-लिननची मिसळ घ्या. दुकानात कापड उजेडासमोर धरा. विणीतून ठिपके ठिपके उजेड आला तर ते पडद्याचं कापड, बसायचं नव्हे. दोन बोटांत धरून तिरकं ओढून बघा, धागे सरकले तर शिवण टिकणार नाही. मच्छलीपट्टणमची ठशांची कलमकारी किंवा राजस्थानातल्या बगरूचे मातीच्या दाबूचे ठसे उशांवर छान दिसतात. त्यातल्या वेली, पक्षी, बुट्ट्या गडद लाकडाशेजारी उठून येतात. मात्र पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात करा. गडद रंग थोडा सुटतोच.

आत काय भरायचं? बसायच्या गादीला ४० डेन्सिटीचा फोम किंवा चांगला पिंजलेला कापूस. लोडाला शक्य असेल तर सावरीचा कापूस. तो हलका असतो आणि उन्हात टाकला की पुन्हा फुलतो. उशीचा खोळ १६ इंचाचा असेल तर आतली उशी १७ किंवा १८ इंची भरा. सारख्या मापाची भरलीत तर महिन्याभरात कोपरे रिकामे लोंबायला लागतात.

पडद्याला किती कापड लागेल?

दुकानदार अंदाजे सांगतो आणि तो अंदाज चुकला की शेवटच्या पडद्याला वेगळ्या ताग्यातलं कापड येतं. म्हणून स्वतः मोजा. समजा दांडी ६० इंच लांब आहे. चुण्या नीट पडायच्या तर कापडाची एकूण रुंदी दांडीच्या दीडपट ते दुप्पट हवी. ५४ इंची पन्ह्याचे दोन पडदे म्हणजे १०८ इंच, हे पावणेदोन पटीच्या थोडं वर गेलं, पुरे. उंची दांडीपासून जमिनीपर्यंत ८४ इंच असेल तर वरची पट्टी आणि खालची दुमड धरून १० इंच मिळवा, ९४ झाले. आता नक्षी बघा. तीच वेल दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल तर ९४ चालणार नाहीत, ९६ कापावे लागतील, म्हणजे दोन्ही पडद्यांवर फुलं एका रेषेत येतील. दोन पडद्यांना १९२ इंच, म्हणजे पावणेपाच मीटरच्या थोडं वर. ५ मीटर घ्या.

सुती असेल तर शिवण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. सुती कापड धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटू शकतं. ९४ इंचांत ते जवळजवळ तीन ते पावणेपाच इंच होतात, आणि पडदा घोट्याच्या वर येऊन लटकतो. आटण्याचा हिशेब धरून कापड थोडं जास्तच आणलेलं बरं.

पश्चिमेच्या खिडकीला अस्तर लावा. सांगलीच्या एप्रिल-मेच्या दुपारी तिथून येणारं ऊन कुठल्याही कापडाचा रंग उडवतं, आणि शेजारच्या सागवानाचाही.

एका खोलीत किती नक्ष्या चालतात? गडद लाकडाबरोबर कुठले रंग जातात?

मोठी, मध्यम आणि बारीक अशा तीन. मोठी वेल पडद्यावर असेल तर उशांवर मुठीएवढी बुट्टी आणि दिवाणावरच्या चादरीवर नुसत्या रेघा. दोन मोठ्या नक्ष्या शेजारी आल्या की त्या भांडतात आणि मध्ये लाकूड हरवतं. बाकी साधं ठेवा.

रंगांबाबत, सागवान उबदार पिवळसर-तपकिरी असतं. त्याच्या शेजारी शेवाळी हिरवा, मोरपंखी, गेरू आणि दगडी रंग फार चांगले बसतात. शिसवाजवळ तेच रंग थोडे उजळ घ्या, कारण शिसव उजेड खातो. तपकिरी फर्निचरवर तपकिरी कापड ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मळखाऊ म्हणून घेतात आणि खोली कायमची संध्याकाळची दिसते. भिंतीला पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळलेला रंग द्या, झगझगीत पांढरा नको.

हळदीचा रंग नैसर्गिक आहे, सांगलीची हळद आहे. पडदे हळदीनंच रंगवले तर?

कल्पना गोड आहे, पण नका रंगवू. हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही, खिडकीत लावलेला पडदा बघता बघता फिका पडतो. वर साबण लागला की तो लालसर होतो. कुंकू कसं होतं ते आठवा, हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती तांबडी होते. पडद्याला पिवळा हवा असेल तर पक्क्या रंगाचं कापड विकत घ्या आणि त्याला हळदी म्हणा.

याच गुणाचा उलटा फायदा मात्र आहे. आमटी सांडून उशीला हळदीचा डाग पडला तर धुऊन, ओलं असतानाच कडक उन्हात टाका. साबणानं लाल झालं म्हणून घाबरू नका. एक-दोन उन्हांत डाग जातो.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. जुनं फर्निचर ठेवणं शहाणपणाचं आहे का?

हा प्रश्न सांगलीत दर पावसाळ्यात येतो. २००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी बघितलेली घरं मला माहीत आहेत. २०१९ ला आमच्या सासरच्या गावभागातल्या घरात पाणी कमरेच्या वर होतं आणि कित्येक दिवस उतरलं नाही. उतरल्यावर आत गेलो तेव्हा आदल्याच वर्षी घेतलेलं टीव्हीचं कपाट फुगून, पाव चहात बुडवल्यासारखं होऊन, उचलताना हातात तुटून आलं. आजेसासूबाईंचा सागवानी दिवाण चिखलानं माखलेला, पॉलिश सगळं पांढरं पडलेलं, पण उभा होता. आज तो त्याच खोलीत आहे. माझं उत्तर या दिवाणानंच ठरवलं आहे: पुराच्या भागात फर्निचर घ्यायचंच असेल तर भरीव जुन्या लाकडाचंच घ्या.

पण त्याला वाचवायची रीत आहे. चिखल वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुऊन काढा. मग उन्हात नका ठेवू. सगळ्यांची पहिली धाव अंगणात उन्हाकडं असते आणि तिथंच लाकूड तडकतं, कारण बाहेरची बाजू आतल्यापेक्षा फार लवकर वाळते. सावलीत, वारा खेळता, खाली विटा देऊन ठेवा, पंखा लावा. फुगून अडकलेले कपाटाचे खण (ड्रॉवर) ओढून काढू नका. मागची फळी निघत असेल तर काढा म्हणजे आत वारा जाईल, खण आपोआप सैल होतील. यात आठवडे जातात, जाऊ द्यात. आतून पूर्ण वाळल्याशिवाय पॉलिशवाल्याला बोलावू नका. ओल आत कोंडली की नवं पॉलिश पुन्हा ढगाळ होतं.

फोम आणि कापसाच्या गाद्या पुराच्या पाण्यात भिजल्या असतील तर टाकून द्या. त्या पाण्यात गटारही असतं. मन तुटतं, विशेषतः हातानं भरलेल्या गादीसाठी, तरी टाका. खोळी, पडदे, चादरी मात्र गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन वाचतात. म्हणून अशा घरांसाठी मी काहीही ठोकून, चिकटवून देत नाही. सगळ्या खोळी चेनच्या, पडदे कड्यांवर, गादी सुटी. जुने पलंग आणि दिवाण खुंट्या काढून सुटे होतात, तुमचा होतो का ते उन्हाळ्यातच बघून ठेवा आणि खुंट्यांवर खडूनं खुणा करा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. कापड आणि गाद्या वर न्यायला ४० लाच सुरुवात करा. ४५ ला माणसं हलवायची असतात, तेव्हा पडद्यांकडं बघायला वेळ नसतो.

साताऱ्याच्या पावसात हॉलला कुबट वास येतो, उशांवर बुरशीचे ठिपके पडतात. काय करावं?

जावळी-महाबळेश्वरकडं तर याहून जास्त. फर्निचर भिंतीपासून तीन-चार बोटं पुढं ओढा, वारा मागून जायला हवा. मखमली आणि जाड अस्तराचे पडदे जूनमध्येच उतरवा आणि पातळ सुती लावा, ते एका दिवसात वाळतात. ऊन पडेल त्या दिवशी इतर कामं सोडून उशा बाहेर टाका. ठिपके दिसले तर आधी घराबाहेर कोरड्या ब्रशनं झटका, मग धुवा. ओल्या फडक्यानं पुसलंत तर पसरतात.

घोंगडी आणि वाकळ हॉलमध्ये वापरली तर चांगली दिसेल का? लोक काय म्हणतील?

लोक विचारतील कुठून आणली. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी माण-खटाव, आटपाडी, जतकडच्या धनगर समाजाची वस्तू. काळ्या, तपकिरी, करड्या लोकरीच्या मूळ रंगातच विणलेली, म्हणजे मेंढीचाच रंग. तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते, त्यामुळं नवी घोंगडी कडक आणि टोचरी लागते. वापरानं मऊ होते. दिवाणाच्या पाठीवर दुमडून टाका किंवा मागच्या भिंतीवर लाकडी दांडीवर सोडा. जमिनीवर अंथरण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. घोंगडी बिरोबा-खंडोबाच्या पूजेत असते आणि अनेक घरांत तिच्यावर पाय देत नाहीत. कसर (लोकर खाणारा किडा) लागते, म्हणून पावसाळ्यानंतर झटकून ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

वाकळ शिवणाऱ्या बायकांच्या हाताला मी मनापासून मानते. तिचे टाके नांगरटीच्या तासांसारखे समांतर जातात, कडेनं वळतात, मध्यावर येऊन मिटतात. तिला कपाटात लपवू नका. दिवाणावर अंथरा, वर एकाच रंगाचे दोन लोड ठेवा आणि बाकी सगळं शांत राहू द्या.

फ्लॅटमध्ये झोपाळा बसवता येईल का?

येईल, पण कडी बीममध्येच हवी, नुसत्या स्लॅबमध्ये नको. बीम कुठून गेला आहे आणि तो हे ओझं झेलेल का, ते इंजिनिअरला विचारून घ्या. झोका खेळल्यावर छतावर येणारा ताण बसलेल्या माणसांच्या वजनापेक्षा जास्त असतो. पाट जमिनीपासून १६ ते १८ इंचांवर, आणि पुढं-मागं अडीच-तीन फूट मोकळी जागा. १० बाय १२ च्या हॉलमध्ये झोपाळा घेतलात तर सोफा सोडा, दोन्ही मावत नाहीत. मी झोपाळा निवडेन. गादी दोन इंचांची पुरे, आणि तिला खालून बांधायला नाड्या लावून घ्या, नाहीतर ती सारखी घसरते.

जुनी बैठक कशी असायची ते बघायला कुठं जावं?

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. लाकडी खांब, भिंतीवरची चित्रं आणि मागं कृष्णेचा घाट. उजेड खोलीत कुठून घेतला आहे ते तिथं उभं राहून बघा. औंधचं संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं, तिथं एक अख्खा दिवस काढा. मापपट्टीपेक्षा डोळा जास्त तयार होतो.

खर्च एकदम जमणार नाही. सुरुवात कुठून करू?

उशांच्या खोळींपासून. मग पडदे. पॉलिश त्यानंतर. नवीन फर्निचर सगळ्यात शेवटी, आणि तोवर बहुतेकदा त्याची गरज उरत नाही.

आईच्या जुन्या इरकलीच्या उशा करायच्या आहेत. साडी कापायला हात धजत नाही.

घाई करू नका. आधी साडी उजेडात धरून घडीच्या रेघा बघा. जुनी साडी विरते ती घडीवरच. तो भाग सोडून, अंगातलं शाबूत कापड उशांना घ्या. मागून मऊ सुती अस्तर सगळीकडून टाचा, म्हणजे बसताना येणारा ताण अस्तर घेईल, साडी नाही. चेन मागच्या बाजूला, मध्यावर लावा, काठावर नको. काठ समोरच्या बाजूला कडेनं फिरवलात तर चार उशांना पुरतो.

टोपपदर, म्हणजे इरकलीचा नक्षीदार पदर, कापू नका. तो तसाच, दोन्ही टोकांना बारीक दुमड घालून, दिवाणाच्या मागच्या भिंतीवर दांडीवर सोडा. ऊन थेट पडणार नाही अशी भिंत निवडा, आणि वर्षातून एकदा उतरवून उलट्या बाजूनं घडी बदलून ठेवा.